गाठीची टेस्ट वेगळी, रक्ताची टेस्ट वेगळी: थायरॉईड आणि अ‍ॅड्रिनलच्या ट्यूमरमधल्या जेनेटिक टेस्टबद्दल

माझ्या मामेभावाच्या फाईलमध्ये एक रिपोर्ट आठ महिने तसाच पडून होता. दादा ३८ वर्षांचा, मानेत गाठ आली म्हणून सुईची तपासणी केली तर मेड्युलरी थायरॉईड कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, मानेतल्या काही लिम्फ नोड्समध्येही (रसग्रंथींमध्येही) पसरलेला होता म्हणून पुढे कधी औषध लागलं तर तयारी असावी असं म्हणून डॉक्टरांनी काढलेल्या गाठीचा तुकडा जेनेटिक टेस्टला पाठवला. रिपोर्ट आला, त्यात लिहिलं होतं 'रेट जीन, सी६३४आर', आम्हाला सांगितलं की या जीनवर चालणारं औषध आहे, गरज पडली तर देता येईल, आणि आम्ही खूश होऊन रिपोर्ट फाईलला लावून टाकला. चौथ्या पानावर अगदी बारीक अक्षरात एक ओळ होती की हा बदल जन्मजात आहे की फक्त गाठीत आहे हे या टेस्टवरून सांगता येत नाही, रक्ताची टेस्ट करून खात्री करावी. ती ओळ आम्ही कोणीच वाचली नाही, आणि त्या हॉस्पिटलमध्येही ती कोणी आम्हाला दाखवली नाही. दादाला दोन मुलं आहेत, मुलगा १३ आणि मुलगी ९ वर्षांची.

आठ महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे सेकंड ओपिनियनला गेलो तेव्हा त्यांनी तो रिपोर्ट उघडला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "रक्ताची टेस्ट कुठाय?" तेव्हापासून मी या विषयात जे काही वाचलं, विचारलं, समजून घेतलं ते इथे लिहितेय, कारण 'जेनेटिक टेस्ट' हा एकच शब्द दोन पूर्णपणे वेगळ्या टेस्टसाठी वापरला जातो आणि त्यामुळे घरंच्या घरं गोंधळतात.

आधी हा फरक बघू. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जीन्सचा तोच एक संच असतो, अर्धा आईकडून अर्धा बाबांकडून आलेला. कणीक मळतानाच मीठ जास्त पडलं तर त्या कणकेची प्रत्येक पोळी खारट होणार. पण कणीक चांगली आहे आणि एकच पोळी तव्यावर करपली, तर तो डाग त्या एका पोळीपुरता. जन्मजात बदल म्हणजे कणकेतलं मीठ, तो रक्तात सापडतो, थुंकीत सापडतो, गाठीतही सापडतो, आणि मुलांकडे जाऊ शकतो. गाठीपुरता बदल म्हणजे करपलेली पोळी, आयुष्यात पुढे कधीतरी एका पेशीत झाला, तिच्यातून गाठ वाढली, मुलांकडे तो जाण्याचा प्रश्नच येत नाही. डॉक्टर पहिल्याला जर्मलाईन म्हणतात आणि दुसऱ्याला सोमॅटिक, रिपोर्टवर हेच दोन शब्द शोधायचे.

रक्ताच्या टेस्टला हाताच्या शिरेतून थोडं रक्त काढतात, बस. गाठीच्या टेस्टला लागतो तो ब्लॉक. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचे तुकडे पॅथॉलॉजीवाले मेणात बसवून ठेवतात, छोट्याशा प्लॅस्टिकच्या डबीवर नंबर घातलेला पांढरट मेणाचा चौकोन आणि मध्ये तपकिरी ठिपक्यासारखं टिश्यू, दादाचा ब्लॉक मी स्वतः कागदात गुंडाळून पर्समधून एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये नेलाय. (ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं.)

आता गंमत अशी की गाठीतही जन्मजात बदल दिसतोच, कारण गाठ त्याच कणकेची. त्यामुळे गाठीच्या रिपोर्टमध्ये बदल दिसला म्हणजे तो फक्त गाठीत आहे असं होत नाही. आणि उलटही आहे, गाठीच्या टेस्टमध्ये काही दिसलं नाही म्हणून जन्मजात काही नाही असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण काही वेळा जीनचा एखादा मोठा तुकडाच गायब असतो, एसडीएचबी आणि व्हीएचएल या जीन्समध्ये असं होतं, आणि गाठीच्या नेहमीच्या टेस्टमध्ये ते निसटू शकतं.

दादाच्या रिपोर्टमधल्या त्या आकड्यातच खरं तर सगळं होतं. रेट जीनमध्ये ६३४ नंबरच्या जागी बदल असेल तर तो बहुतेक वेळा जन्मजात निघतो. घराण्यातून न आलेल्या मेड्युलरी कॅन्सरमध्ये गाठीपुरता बदल सापडतो तो जास्त करून ९१८ नंबरला. म्हणजे जाणकार माणसाला ६३४ वाचूनच शंका यायला हवी होती. दादाच्या रक्तात तोच बदल निघाला.

मेड्युलरी कॅन्सर हा थायरॉईडच्या नेहमीच्या कॅन्सरपेक्षा वेगळा असतो. थायरॉईडमध्ये सी-पेशी नावाच्या थोड्याशा पेशी असतात, त्या कॅल्सिटोनिन बनवतात, त्यांच्यापासून हा होतो, म्हणूनच याच्या फॉलोअपला कॅल्सिटोनिन सारखं तपासतात. साधारण चारातल्या एका पेशंटमध्ये हा घराण्यातून आलेला असतो, आणि 'आमच्या घरात कोणाला नव्हता' असं सांगणाऱ्यांतही शंभरात काही जण निघतातच. म्हणून नियम सरळ आहे: मेड्युलरी कॅन्सरच्या प्रत्येक पेशंटची रेट जीनची रक्ताची टेस्ट व्हायला हवी, वय कितीही असो, घरात कोणाला असो नसो.

रेट हा जीन १० नंबरच्या क्रोमोझोमवर असतो आणि त्याचा या घराण्यातल्या आजाराशी असलेला संबंध १९९३ मध्ये कळला. शेतातल्या मोटरचं बटण चालूवरच अडकावं तसं होतं यात, पेशीला 'वाढ' हा सिग्नल मिळतच राहतो. दोन कॉपींपैकी एक जरी अशी अडकलेली असेल तरी पुरते. अशा माणसाच्या प्रत्येक मुलाला हा बदल मिळण्याची शक्यता ५० टक्के, पहिल्याला मिळाला म्हणून दुसरा सुटला असा हिशोब यात नसतो, दर वेळी नव्याने नाणं उडतं. या आजाराला एमईएन-२ म्हणतात, यात थायरॉईडबरोबर अ‍ॅड्रिनल ग्रंथीची गाठ होऊ शकते आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉईडही बिघडू शकतात.

आणि हे किती काळ लपून राहू शकतं बघा. १८८६ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गला एक १८ वर्षांची मुलगी वारली, तिच्या दोन्ही अ‍ॅड्रिनलमध्ये गाठी निघाल्या, डॉक्टर फेलिक्स फ्रेंकेल यांनी तिचं वर्णन छापलं आणि तेच या प्रकारच्या गाठीचं, म्हणजे फिओक्रोमोसायटोमाचं, पहिलं वर्णन मानलं जातं. २००७ मध्ये संशोधकांनी तिच्या घराण्यातली आजची माणसं शोधून काढली, रक्त तपासलं, तर त्यांच्यात रेट जीनचा बदल सापडला, तोही ६३४ नंबरलाच. मध्ये १२१ वर्षं गेली. मी हे वाचलं तेव्हा मला आमचे मोठे मामा आठवले.

दादाच्या रक्ताचा रिपोर्ट आल्यावर जेनेटिक काउन्सेलर मॅडमनी आम्हाला सगळ्यांना बसवलं आणि कोऱ्या कागदावर वंशावळ काढायला घेतली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर आतून काळं करायचं, वारलेला असेल तर तिरकी रेघ. दादाचा चौकोन काळा करून त्याला बाण लावला. मग त्यावर मामांचा चौकोन, तिरकी रेघ. "काका कशाने गेले?" मामी म्हणाल्या, हार्ट अटॅकने, ४७ व्या वर्षी, बीपी होतं त्यांना. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काकू, त्यांना मध्येच डोकं दुखणं, छाती धडधडणं, खूप घाम येणं असं व्हायचं का, थोडा वेळ आणि मग आपोआप बरं?" मामी दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, बसल्या बसल्या बनियन पिळून काढावं लागायचं. आम्ही म्हणायचो, टेन्शन घेतात."

डोकेदुखी, धडधड, घाम आणि वरखाली होणारं बीपी, ही फिओक्रोमोसायटोमाची ओळखीची लक्षणं. किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतली ही गाठ अ‍ॅड्रिनलीनसारखी हार्मोन्स झटक्यात सोडते. मामांना तेच होतं असं आता सिद्ध करता येणार नाही, मॅडमनीही तसं स्पष्ट सांगितलं, त्यांचा चौकोन काळा न करता बाजूला फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं. पण दादाच्या ऑपरेशनआधी अ‍ॅड्रिनलची गाठ आहे का हे कोणी तपासलंच नव्हतं, हे त्या दिवशी आमच्या लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. मेड्युलरी कॅन्सरच्या पेशंटला भूल देण्याआधी मेटानेफ्रिन नावाची रक्ताची किंवा लघवीची तपासणी करायची असते, कारण अशी गाठ असेल आणि माहीत नसेल तर ऑपरेशन टेबलावरच बीपी जिवावर बेतेल इतकं वाढू शकतं. गाठ आहे हे आधी कळलं तर अल्फा ब्लॉकर गोळ्या एक-दोन आठवडे देऊन बीपी ताब्यात आणतात, आधी ती गाठ काढतात आणि मग थायरॉईड. दादाचं मेटानेफ्रिन नंतर नॉर्मल आलं. पुढे दर वर्षी तपासायचंय.

फिओक्रोमोसायटोमा आणि तिची बहीण पॅरागँग्लिओमा (अ‍ॅड्रिनलच्या बाहेर, मानेत, पोटात वगैरे होते ती) यांच्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण अख्ख्या शरीरातल्या गाठींमध्ये घराण्यातून येण्याचं प्रमाण इतकं जास्त क्वचितच कुठे असेल. जगभरात साधारण ३५ ते ४० टक्के पेशंटमध्ये जन्मजात बदल सापडतो. आपल्याकडे मुंबईच्या केईएमच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये १५० पेशंटचा अभ्यास छापला होता, त्यातही जवळपास एक तृतीयांश लोकांत सापडला, आणि सगळ्यात जास्त व्हीएचएल या जीनमध्ये. म्हणून इथेही प्रत्येक पेशंटला रक्ताची टेस्ट सुचवायला हवी. यात एकटा रेट नसतो, व्हीएचएल, एनएफ१, एसडीएच कुटुंबातले जीन्स असे बरेच असतात, म्हणून एकेक न करता पॅनेल करतात, म्हणजे एकाच टेस्टमध्ये सगळे जीन्स बघतात. कोणता जीन निघाला यावर पुढचं सगळं ठरतं: एसडीएचबी निघाला तर गाठ पसरण्याचा धोका जास्त, म्हणून स्कॅन आयुष्यभर ठरलेल्या अंतराने, व्हीएचएल निघाला तर किडनी, डोळे, मेंदू, स्वादुपिंड हेही बघत राहायचं.

एसडीएचडी नावाच्या जीनची तऱ्हा तर अगदी वेगळी. तो बाबांकडून आला तर गाठी होतात, आईकडून आला तर सहसा होत नाहीत. म्हणजे आजोबांना होतं, त्यांच्या मुलीकडे बदल आला आणि तिला आजार झाला, पण तिच्या मुलाला बदल मिळूनही काही झालं नाही, आणि मग त्या मुलाच्या मुलांना पुन्हा झालं. मधली एक पिढी कोरी. अशा घरात 'आमच्या आईबाबांना काही नाही' या वाक्याला काय अर्थ राहतो सांगा. त्यात आपल्याकडे माणूस कशाने गेला हे नीट माहीत नसतं, 'अचानक गेले' एवढंच कळतं, घरं लहान झालीत, आणि कधी कधी बदल त्या पेशंटमध्येच पहिल्यांदा झालेला असतो. एमईएन-२बी हा रेटचा सगळ्यात आक्रमक प्रकार, त्यातल्या बहुतेक मुलांच्या आईबाबांच्या रक्तात काहीच नसतं. ती बाळं रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, बद्धकोष्ठ असतं, पुढे जिभेवर ओठांवर बारीक गाठी दिसतात, आणि तो जीन आहे हे कळलं तर थायरॉईड पहिल्या वर्षातच काढायला सांगतात. डोळ्यांत पाणी न येणारं बाळ बघून कॅन्सर कोणाच्या मनात येईल?

बाकीच्या ग्रंथींचं थोडक्यात सांगते. अ‍ॅड्रिनलच्या बाहेरच्या थराचा कॅन्सर, विशेषतः लहान मुलात, टीपी५३ या जीनसाठी रक्त तपासायलाच हवं. पॅराथायरॉईडचा त्रास तिशीच्या आत सुरू झाला किंवा चारपैकी एकापेक्षा जास्त ग्रंथी बिघडल्या तर एमईएन-१ चा विचार करायचा, त्यात पॅराथायरॉईड, पिट्युटरी (मेंदूच्या खालची ग्रंथी) आणि स्वादुपिंड अशी तिन्हीकडे गाठी होतात, त्याचा जीन १९९७ मध्ये सापडला. कमी वयात पिट्युटरीची मोठी गाठ झाली किंवा मूल बेसुमार उंच होत चाललं तरी विचारायचं. आणि थायरॉईडचा सगळ्यात कॉमन म्हणजे पॅपिलरी कॅन्सर, तो बहुतेक वेळा घराण्यातून येत नाही, तिथे सरसकट रक्ताची टेस्ट लागत नाही, उगाच घाबरून सगळ्या घराचं पॅनेल करत बसू नका.

पॅपिलरीमध्ये उपयोग होतो तो गाठीच्या टेस्टचा, तोही सगळ्यांना नाही. साधारण निम्म्या पॅपिलरी गाठींत ब्रॅफ जीनचा व्ही६००ई हा बदल असतो. बहुतेकांना ऑपरेशन, लागलं तर रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीनचा डोस), एवढ्यावर भागतं, तिथे या टेस्टने फार काही बदलत नाही. पण कॅन्सर पसरलाय आणि आयोडीन घेत नाहीये, तेव्हा गाठीत नेमका कोणता बदल आहे यावर औषध ठरतं. अ‍ॅनाप्लास्टिक हा थायरॉईडचा सगळ्यात भयंकर प्रकार, त्यात ब्रॅफ बदल असेल तर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या दोन गोळ्यांना अमेरिकेत २०१८ मध्ये मंजुरी मिळाली, आणि तिथे दिवस मोजकेच असतात म्हणून ही टेस्ट पहिल्याच आठवड्यात पाठवायची. रेटसाठी सेल्परकॅटिनिब २०२० मध्ये आलं, त्याला बदल जन्मजात आहे की गाठीपुरता याने फरक पडत नाही, दोन्हीत चालतं. आमच्या पहिल्या हॉस्पिटलचं लक्ष बहुतेक इथेच अडकलं, औषधाचा प्रश्न सुटला म्हणून घराचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. सुईच्या तपासणीत 'नक्की सांगता येत नाही' असं आलं तर ऑपरेशन करायचं की थांबायचं हे ठरवायलाही गाठीची टेस्ट वापरतात.

अजून एक तपासणी आहे, स्वस्त आणि उपयोगाची. फिओ किंवा पॅरागँग्लिओमाच्या ब्लॉकवर पॅथॉलॉजिस्ट एसडीएचबीचा रंग लावून बघतात, रंग चढलाच नाही तर एसडीएच कुटुंबातला एखादा जीन बिघडलेला असण्याची दाट शक्यता असते. पॅनेलचा खर्च जमत नसेल तर निदान हे करता येईल का असं विचारा.

रिपोर्ट तीन प्रकारचे येतात. बदल सापडला, नाही सापडला, आणि तिसरा, ज्याने लोकांची झोप उडते, तो म्हणजे व्हीयूएस. बदल दिसतोय पण त्याने आजार होतो की नाही हे अजून ठरलेलं नाही. जगातला बराचसा जेनेटिक डेटा युरोपियन वंशाच्या लोकांचा आहे, त्यामुळे आपल्या लोकांमध्ये असे 'अजून ठरायचंय'वाले बदल जास्त निघतात. व्हीयूएस आला म्हणून कोणाचीही ग्रंथी काढायची नाही, त्यावरून नातेवाइकांच्या टेस्ट करायच्या नाहीत, पेशंटचा फॉलोअप आजारानुसार चालू ठेवायचा आणि वर्षा-दोन वर्षांनी लॅबला विचारायचं की याचं काही ठरलं का. पुढे अर्थ लागतो तेव्हा बहुतेक वेळा ते निरुपद्रवीच निघतात.

घरात एकाचा नेमका बदल कळला की मग बाकीच्यांची टेस्ट सोपी आणि बरीच स्वस्त होते, कारण सगळं पॅनेल लागत नाही, फक्त तेवढी एक जागा बघायची. आणि ती वरून खाली करायची. मामांना असेल असं धरलं तर माझ्या आईला असण्याची शक्यता होती, आणि आईला असता तर मला आणि भावाला. मी म्हटलं माझं पण रक्त घ्या, तर मॅडम म्हणाल्या, "थांबा, आधी आईंचं येऊ दे." आईचं निगेटिव्ह आलं. माझा आणि भावाचा प्रश्न तिथेच संपला, सुईसुद्धा टोचावी लागली नाही. अशा वेळी निगेटिव्ह म्हणजे खरंच निगेटिव्ह, कारण काय शोधायचं ते माहीत होतं. घरातल्या आजारी माणसाची टेस्ट झालेलीच नाही आणि निरोगी माणूस जाऊन निगेटिव्ह घेऊन आला, तर त्याला तेवढा अर्थ नसतो.

दादाच्या मुलाचं निगेटिव्ह आलं, मुलीचं पॉझिटिव्ह. ६३४ असेल तर थायरॉईड पाचव्या वर्षापर्यंत काढायला सांगतात, कॅल्सिटोनिन बघून थोडं पुढेमागे, ती नऊची होती. तिचं कॅल्सिटोनिन थोडं वाढलेलं होतं. मेटानेफ्रिन बघितलं, नॉर्मल आलं, आणि ऑपरेशन झालं. सी-पेशींमध्ये सुरुवात झाली होती, लिम्फ नोड्समध्ये गेलं नव्हतं. आता रोज सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी, वहिनीने तिच्या वॉटरबॅगच्या शेजारी डबी ठेवलीये, तिची तीच घेते. अकराव्या वर्षापासून दर वर्षी अ‍ॅड्रिनल आणि कॅल्शियमची तपासणी. ते आठ महिने आधी कळलं असतं तर काय, हा प्रश्न दादा अजून विचारतो आणि माझ्याकडे उत्तर नाही.

खर्च आणि इन्शुरन्सचं लोक विचारतात. दिल्ली हायकोर्टानं २०१८ मध्ये म्हटलंय की 'जेनेटिक आजार' असं सरसकट लिहून हेल्थ इन्शुरन्समधून लोकांना वगळणं हा भेदभाव आहे, ते लक्षात ठेवा, पण जेनेटिक माहितीवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध आपल्याकडे वेगळा कायदा नाही. म्हणून टेस्टच्या आधी काउन्सेलरशी बसून बोलणं महत्त्वाचं. मुंबईत टाटा मेमोरियलला कॅन्सर जेनेटिक्सची वेगळी ओपीडी आहे. जाताना गाठीचा रिपोर्ट, ब्लॉकचा नंबर आणि घरात कोण कशाने आणि कितव्या वर्षी गेलं एवढं लिहून न्या, म्हाताऱ्या माणसांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

धाकट्या मामांनी अजून रक्त दिलेलं नाही. त्यांना दोन मुली, मोठीचं स्थळ बघणं चालू आहे, आणि कागदावर काही आलं तर लग्न मोडेल ही त्यांची भीती. मी त्यांना रागावत नाही, ती भीती खोटी नाहीये. फक्त दर रविवारी फोन करते, आणि बीपी किती आहे, घाम येतो का, एवढं विचारते. मागच्या रविवारी पहिल्यांदाच त्यांनी विचारलं की ती टेस्ट उपाशीपोटी करावी लागते का. नाही लागत, मामा, कधीही करता येते, असं मी सांगितलंय.